जाळीपलीकडचा खाऊ

आमच्या घरात जेलला जेल म्हणायची पद्धत नव्हती. अमरावती म्हणायचं. चुलीपुढे बसून फुंकणीनं जाळ करता करता माय हळूच बोलायची, "परवा अमरावतीले जायचं हाय," आणि माझ्या अंगात वारं शिरायचं. मग मी जमिनीवर नसायचेच. कोणता फ्रॉक घालायचा, रिबन लाल की पिवळी, खिडकीची जागा मिळेल का, अकोल्याच्या स्टँडवर मामा कचोरी घेऊन देतील का, हेच डोक्यात. गल्लीतल्या बाकीच्या पोरी सुट्टीत मामाच्या गावाला जात. माझा मामा मला न्यायला येई आणि जेलात घेऊन जाई. हे ऐकलं की माझी लेक अजून डोळे पुसते, म्हणते, "आई, कसं गं सहन केलंस तू?" सहन कसलं डोंबलाचं! मला माझा बाप भेटणार असायचा. तसा दिवस पुढं माझ्या लग्नातसुद्धा उगवला नाही, आणि हे मी नवऱ्यासमोर सांगते.

बाबा तिथं कसे पोचले ते एकदाच सांगून टाकते. जानेफळजवळ आमचं गाव. आमच्या शेताला लागून वसंताकाकांचं शेत. वसंताकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, वयानं थोडे मोठे. घरंही एकाच गल्लीत, मध्ये फक्त एक घर. दोघांच्या धुऱ्यावर, म्हणजे सामाईक बांधावर, एक बाभूळ होती. ती कोणाची, यावरून वर्षानुवर्षं तोंडातोंडी चालायची, आणि संध्याकाळी तेच दोघं मारुतीच्या पारावर बसून एका चंचीतली तंबाखू मळायचे. एका दिवशी तोंडातोंडी वाढली आणि बाबांच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. एकच फटका. काका दगडावर पडले, ते दवाखान्यातून घरी आलेच नाहीत. बाबा कोणी धरायला यायच्या आधी स्वतः चालत पोलीस ठाण्यात जाऊन बसले. खटला चालला, सात वर्षांची शिक्षा झाली. गल्लीत दोन घरं एकमेकांकडे पाठ करून बसली. एका घरात सुमनकाकू, भर वयात विधवा झालेली, आणि एका घरात माय आणि मी. चूक कोणाची हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण बाप माझा होता आणि तो मला पाहिजे होता, याच्यापुढं माझी अक्कल जात नव्हती.

मामा दुसरबीडचे, मायचे सख्खे भाऊ. ते आदल्या दिवशीच यायचे. 'का' विचारायला आम्ही 'काऊन' म्हणतो तिथं ते 'कामून' म्हणायचे, आणि त्यावरून मी त्यांना एवढी चिडवायची की माय लाटणं उगारायची. ती पहाटे उठून दशम्या करायची, पाट्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा रगडायची, तव्यावर शेंगदाणे भाजायची, आणि घरभर असा खमंग वास सुटायचा की झोपेचं सोंग घेऊन पडलेलं मला जमायचंच नाही. दशम्यांची एक वेगळी पुरचुंडी बाबांसाठी. घरचं अन्न आत जात नाही, हे पहिल्याच खेपेला दारावर कळलं होतं. तरी दर खेपेला ती पुरचुंडी बांधायची, दर खेपेला शिपाई नको म्हणायचा आणि दर खेपेला ती परतीच्या बसमध्ये आम्हीच खायचो. मी एकदा म्हटलं, "माय, कायले करतं मंग?" तर म्हणाली, "त्याईच्या वाट्याचं पीठ मी डब्यात ठिवू तं कसं ठिवू?" मला काही ते कळलं नाही. मला दशमी जास्त मिळते एवढंच कळलं.

मग काळीपिवळी जीपनं मेहकर, मेहकरहून एसटीनं अकोला, अकोल्याहून अमरावती. एसटीच्या काचा अशा खडखडायच्या की बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे, आणि मी गावापासून ओरडत असायची: मामा, ते पाहा माकड, मामा, ते पाहा पूल, मामा, कचोरी! कंडक्टर विचारायचा, कुठं चालली गं बाई एवढी नटून? मी छाती काढून सांगायची, "बाबाले भेटाले!" माय लगेच पदर तोंडावर घ्यायची, आणि मामा खिडकीबाहेर पाहायला लागायचे. मला वाटायचं, या दोघांना आनंद कसा होत नाही? माणसं किती निरस असतात!

भेटीची जागा म्हणजे एक लांब व्हरांडा. आपल्याकडून एक जाळी, मग हातभर मोकळी जागा, मग दुसरी जाळी, आणि तिच्या पलीकडे ते. नाव पुकारलं की सगळे एकदम आत शिरायचे आणि सगळे एकदम बोलायला लागायचे. कुणी वकिलाचं सांगतंय, कुणी म्हशीचं, कुणी नुसतंच रडतंय. कालव्यात आपला माणूस शोधायचा आणि वेळ संपायच्या आत जे असेल ते ओरडून घ्यायचं. बाबा जाळीत बोटं अडकवून उभे राहायचे. माझे बाबा म्हणजे गावातला सगळ्यात बोलका माणूस. उंबऱ्याशी आले की वासावरून सांगायचे, आज चून, म्हणजे पिठलं, आहे का भरीत, आणि मायनं मीठ विसरलं तेसुद्धा नाकानं ओळखायचे म्हणत. तो माणूस तिथं दोनच शब्द बोलायचा: "बरं हाय." कसे हाय तुमी? बरं हाय. जेवता का? बरं हाय. रेणू पास झाली. बरं हाय. मी म्हणजे रेणू. मान सारखी खाली. मला त्यांच्या टाळूवरचे केस जेवढे दिसले तेवढे त्यांचे डोळे दिसले नाहीत.

आणि पोळ्यानंतरच्या भेटीला त्यांनी एकदम जास्तीचं बोलून टाकलं. मायकडे न पाहता म्हणाले, "पुढच्या टायमाले येऊ नका. पोरीले तं आनूच नका इथं. समजा की मी नाही." मायनं जाळीला कपाळ टेकवलं. वेळ संपली, ते वळले आणि गेलेसुद्धा. बाहेर आल्यावर मामांनी शिपायाला विचारलं, यांनी असं म्हटलं तर काय करायचं? शिपाई भला माणूस होता, म्हणाला, "मामा, कैद्यानंच भेटीले नाही म्हटलं, बराकीतून बाहेरच नाही आला, तं आमी काय ओढून आणावं त्याले?" त्या दिवशी परतीच्या बसमध्ये दशम्या कोणी खाल्ल्या नाहीत. माय रडत होती. मला मात्र राग आला होता, असा की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. समजा की मी नाही! असं कसं समजायचं? समोर उभा आहेस की!

आता चिखलीला आमच्या शेजारी एक बाई राहतात, त्यांचा मुलगा आत आहे. आता म्हणे मोबाइलवर तोंड दिसतं, फोनही लावून देतात. पण त्या परवा माझ्याकडे येऊन हेच म्हणाल्या: "ताई, तो दिसते, पन बोलतच नाही. अन् मलेबी काय बोलू सुचत नाही." मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, वकिलाचं बोलू नका, घरचंही रडगाणं नको. त्याला काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर द्यायला त्याला डोकं चालवावं लागेल. त्या माझ्याकडे, ही बाई काय बोलते, असं पाहत राहिल्या. मग मला त्यांना सगळं सांगावं लागलं, आणि सांगता सांगता वाटलं, लिहूनच काढावं.

तर भादव्याची पुनव आली आणि गल्लीत भुलाबाई बसली. आमच्या वऱ्हाडात कोजागिरीपर्यंत महिनाभर ही धामधूम. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोजी, आणि रोज दिवेलागणीला सगळ्या पोरी एका घरून दुसऱ्या घरी. टिपऱ्या वाजवायच्या, गळा फाटेस्तोवर गाणी म्हणायची, आणि सगळ्यात शेवटी खाऊ. पण खाऊ असा सुखासुखी मिळत नाही. घरची बाई झाकण लावलेला डबा आणते, आमच्या कानाशी वाजवते आणि विचारते, ओळखा! खुळुक वाजलं तर फुटाणे, सळसळ वाजलं तर चिवडा, धप्प वाजलं तर शिरा. गोड का तिखट, कोरडं का ओलं, असं विचारून विचारून ओळखायचं. मी त्यात एक नंबर होते, कारण नाक बाबांचं घेतलं होतं. मीच आधी ओळखायचे आणि त्यात माझाच तोटा व्हायचा, कारण एकदा ओळखलं की मजा संपते, हे मला त्याच महिन्यात उमगलं. ओळखू येत नाही तोवर कोणीही उठून घरी जात नाही! आणि हे डोक्यात आलं तेव्हा मी टिपऱ्या टाकून घराकडे अशी पळाले की वाटेत कोणाची तरी कोंबडी तुडवता तुडवता राहिली.

"माय, अमरावतीले चाल!" मी म्हटलं.

"ते नको म्हनते तं कायले जायचं?" माय कणीक मळत होती, तिनं वर पाहिलंच नाही.

मी जेवण टाकलं. सकाळी टाकलं, संध्याकाळी टाकलं. तिनं पाठीत दोन धपाटे घातले, ते खाल्ले, भाकर नाही खाल्ली. शेवटी तिनं मामांना निरोप धाडला की पोरगी उपाशी मरते. मामा आले, माझं सगळं कानात ऐकून घेतलं आणि मायला म्हणाले, "कामून नाही जायचं? तो नाही आला भाईर तर माघारी येऊ. एसटी का आपल्याला खाती व्हय?" मी मामांना त्या दिवसापासून कामूनवरून चिडवणं सोडलं. दोन-तीन दिवस तरी सोडलं.

त्या खेपेला व्हरांड्यात सगळ्यांची माणसं आली. आमचीच जागा रिकामी. आजूबाजूला बोलण्याचा नुसता गिल्ला, आणि आमच्यासमोर नुसती जाळी. मायनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. मी पायाच्या बोटांवर उभी राहून पाहत होते, मनात म्हणत होते, या ना, या ना, या ना. आणि आले! सगळ्यांच्या शेवटी, भिंतीच्या कडेकडेनं, मान खालीच. जाळीशी येऊन मायला म्हणाले, "नका येऊ म्हटलं होतं ना?"

मी मध्येच तोंड घातलं. दोन्ही हात तोंडाशी धरून आवाज काढला: "खुळुक खुळुक! खुळुक खुळुक! बाबा, ओळखा!"

मी पुन्हा वाजवलं, म्हणजे तोंडानंच वाजवलं, अंग हलवून हलवून. "डबा हाय, बाबा! भुलाबाईचा! वाजून राह्यला, ओळखा ना!" पलीकडे बाबांच्या बाजूला एक म्हातारा कैदी उभा होता. त्याला भेटायला आलेली सून आमच्या बाजूला काही रडत सांगत होती, पण त्या म्हाताऱ्याचं लक्ष उडालं. तो म्हणाला, "फुटाने!" मी म्हटलं, "नाही!" तो म्हणाला, "शेंगदान्याचे लाडू!" मी म्हटलं, "लाडू असे वाजतात का कुठं, आजोबा?" त्यावर तिकडची दोन-तीन माणसं हसली. आणि बाबा, खाली पाहत, जाळीतल्या बोटाशी चाळा करत, हळूच म्हणाले, "गोड हाय का तिखट?"

अगं बाई! मी जागेवर उडी मारली. माझ्या बापानं मला प्रश्न विचारला होता! मी ओरडले, "गोडबी नाही, तिखटबी नाही!" "कोरडं?" "कोरडं!" "खारे दाने." "नाही!" "जवस भाजेल?" "नाही!" "मुरमुरे?" "मुरमुरे खुळुक वाजतात का, बाबा? तुमचं नाक तं गेलंच, कानबी गेले का?" आणि तेव्हा त्यांनी मान वर केली. हसले, आणि डोळे भरले, दोन्ही एकदम. वेळ संपल्याची घंटा झाली. "सांग ना मंग, काय हाय?" ते मागं सरकता सरकता ओरडले. मी ओरडले, "पुढच्या टायमाले सांगीन!"

बाहेर येताच मायनं विचारलं, "काय होतं गं डब्यात?" मी म्हटलं, "मले काय माहीत? डबा होता कुठं!" माय रस्त्यात मटकन बसली आणि हसत सुटली, असं हसली की मामांना वाटलं हिला काही झालं. "हरामखोर कार्टे," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत पुसत माझा मुका घेतला. मग तिनं बाबांच्या वाट्याच्या दशम्या सोडल्या आणि आम्ही तिथंच झाडाखाली बसून खाल्ल्या.

मग काय विचारता! कार्ड यायला लागली. आधी वर्षात एक यायचं, आता जेलचा शिक्का मारलेलं कार्ड महिन्याला येऊ लागलं, आणि त्यावर खुशालीच्या खाली नुसती एक ओळ: "रेवड्या का?" "शंकरपाळे का?" "वाळल्या बोरांचा चुरा का?" आमच्या पोस्टमनला दुसऱ्याचं कार्ड वाचल्याशिवाय करमत नसे. तो गल्लीच्या तोंडाशीच मोठ्यानं वाचायचा, आणि दारादारातून बाया विचारायच्या, काय म्हणतो रेणूचा बाप? शंकरपाळे म्हणते! शंकरपाळे कसे असतील, रेणू म्हणते ना गोड नाही? अख्खी गल्ली ओळखायला लागली. मी सगळ्यांना नाही म्हणून सांगायची, ऐटीत. फक्त सुमनकाकू आपल्या ओट्यावर बसून सूप पाखडत असायची, ती काही म्हणायची नाही. पण पोस्टमन वाचायला लागला की तिचं सूप थांबायचं, हे मी पाहिलं होतं.

भेटी सुरू राहिल्या. आता बाबा सगळ्यांच्या आधी येऊन उभे असायचे, आणि तो म्हातारा कैदी सुनेचं बोलणं तोडून विचारायचा, आली का डबेवाली? एका पावसाळ्यात बाबा जाळीवर हात मारून म्हणाले, "हरलो बाप्पा! मी हरलो. आता सांग." मी मायकडे पाहिलं, मायनं माझ्याकडे. काय सांगू? डोक्यात काहीच नव्हतं, आणि तोंडातून मात्र निघून गेलं, "सांगत नाही. घरी या अन् तुमच्या हातानं डबा उघडा!"

बाबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "कोन्या तोंडानं येऊ, बेटा? वैनीच्या दारावरूनच याव लागते." वैनी म्हणजे सुमनकाकू. तेव्हा बाजूचा म्हातारा खवळला. "अबे, फर्लोचा अर्ज टाक ना बे! मले कोनी बोलवत असतं तं मी नागडा गेलो असतो!" फर्लो म्हणजे शिक्षेतून मिळणारी पंधरवड्याची सुट्टी, अर्ज कैद्यानं स्वतः करायचा, आणि बाबांनी तो एवढ्या वर्षांत केलाच नव्हता. मामा पुढं झाले, म्हणाले, "जामीन मी राहतो. टाका अर्ज." बाबांनी जाळीतली बोटं काढून घेतली. मग म्हणाले, "टाकतो. पन वैनी नाही म्हनल, पाहून घ्या."

त्यातच सगळं अडकलं होतं. अर्ज टाकला की गावात पोलीस चौकशीला येतात. हा माणूस आला तर काही तंटा होईल का, कोणाची हरकत आहे का, असं विचारतात. सगळा गाव हरकत नाही म्हणाला असता. पण काकूनं हरकत घेतली, तर ती घेण्याचा तिचा हक्क होता. मायला मी म्हटलं, जा ना, तिला सांग. माय म्हणाली, "मी कोन्या तोंडानं जाऊ? तिचं गेलं ते मी देऊन राह्यली का परत?" आणि ती गेली नाही. जमादाराची सायकल पारापाशी लागली त्या सकाळी मी धावत काकूच्या अंगणाच्या काटेरी कुंपणामागं जाऊन बसले. काटे टोचत होते, पण कळत कोणाला होतं!

काकू अंगणात उडीद पाखडत होती. जमादारानं विचारलं, "बाई, तो सुट्टीवर येतो म्हणतो. तुमची काही हरकत?" काकूनं सूप हलवणं थांबवलं नाही. फोल उडत राहिलं.

"येऊ द्या त्याले," काकू म्हणाली.

जमादार लिहायला लागला. "थांबा," ती म्हणाली, आणि आता सूप खाली ठेवलं. "त्याले सांगजा. माह्या दारावरून मान खाली घालून गेला, तं मी त्याच दिवशी ठान्यात येऊन हरकत लिवीन. तोंड दाखवून जाय म्हना."

"हे मी कागदावर कसं लिहू, बाई?"

"लिवू नका. सांगजा."

मी कुंपणातून उठले तर फ्रॉक फाटला. तशीच धावत घरी गेले आणि मायला सांगितलं. मायनं ऐकलं आणि फळीवरचा डबा खाली काढला. मग म्हणाली, "डबा घासाय लागन."

सुट्टी मंजूर झाली ती ऐन कोजागिरीच्या तोंडावर. घर शेणानं सारवलं, चुना लावला, बाबांचं धोतर नीळ घालून वाळवलं. मायनं डब्यात काय घातलं ते मलासुद्धा दाखवलं नाही. आणि बाबांना आणायला गेलेल्या मामांची काळीपिवळी फाट्यावर थांबली तेव्हा मी अशी धावले की एक चप्पल मागंच राहिली. बाबा उतरले. जाळी नाही, काही नाही! मी त्यांच्या पोटाला मिठी मारली तर मला कळलं की मी आता त्यांच्या छातीपर्यंत पोचते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. गल्ली दारात येऊन उभी होती. माय भाकरतुकडा ओवाळायला घेऊन आमच्या उंबऱ्यात. पण बाबा आमच्या घरी आलेच नाहीत. ते काकूच्या अंगणात गेले आणि उभे राहिले. मान खालीच.

काकू ओट्यावरून उतरली. "वर पाह्य," ती म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. काकूच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही. मला वाटलं, आता ती मारील, किंवा शिव्या देईल. आणि दिल्या असत्या तरी कोणी काही म्हटलं नसतं. ती म्हणाली, "सोयाबीन उभी हाय. शेंगा तडकून राह्यल्या. सोंगाले मानूस भेटत नाही. ते असते तं त्याईनं सोंगली असती. उद्या पहाटे ये."

एवढं बोलून ती आत गेली. घरी आल्यावर मायनं तुकडा ओवाळून टाकला, मी डबा आणून पुढ्यात ठेवला. बाबांनी तो कानाशी वाजवला, खुळुक खुळुक, आणि झाकण उघडलं. भाजलेले चिंचोके! बाबांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "इथं होतो तवा हे रोज खिशात घेऊन फिरत होतो मी, बे!" आणि इतके हसले, इतके हसले, की शेवटी मायच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले.

आणि मग पंधरवडाभर माझा बाप माझ्या वाट्याला आला असेल तर शपथ! अंधार फिटायच्या आत विळा घेऊन काकूची सोयाबीन कापायला निघायचे. मी चिडायचे, रुसायचे, म्हणायचे, "बाबा आमचे हाय का काकूचे?" माय म्हणायची, "गप बस, अन् न्याहारी नेऊन दे." मी डोक्यावर भाकरी घेऊन जायची. बाबा एका टोकानं सोंगत असायचे, काकू दुसऱ्या टोकानं. मध्ये अख्खं शेत. बोलणं नाही. बाबा बांधावर बसून खायचे, काकू झाडाखाली. पण पहिले दोन-चार दिवस बाबा चालायचे ते जमिनीकडे पाहत, शेवटी शेवटी दुरूनच मला ओळखून हात वर करायला लागले, आणि धुऱ्यावरून ओरडायचे, "ठेचा हाय आज! वास आला!" ते ऐकलं की माझा राग कुठल्या कुठं. मळणी झाली, काकूची पोती तिच्या घरी जाऊन पडली, आणि बाबांनी तिथला उंबरा काही ओलांडला नाही. पोती ओट्यावर ठेवून माघारी आले.

सुट्टी संपली. जायच्या दिवशी काळीपिवळी गल्लीच्या तोंडाशी उभी. मायनं दशम्या बांधल्या होत्या, बाबा म्हणाले, "दारावर नाही म्हनतील," आणि तरी घेतल्या. मी रडणार नाही असं ठरवलं होतं, आणि मामांच्या पाठीमागं तोंड लपवून रडत होते. बाबा गाडीत बसले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तेवढ्यात काकू घरातून निघाली, डोक्यावर पदर घेत, झपझप चालत आली आणि गाडीच्या दारावर हात ठेवून उभी राहिली. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, सरळ.

"पुढल्या साली जरा अगोदर अर्ज टाकजो," ती म्हणाली. "उडीदबी काढाचा असते."

"हाव, वैनी," बाबा म्हणाले.